मदत हवी आहे: लपवून बाळगण्यासाठी छोटं रिव्हॉल्व्हर, हलकं घ्यावं की जड?

नमस्कार मंडळी,

परवाना हातात आहे, प्रशिक्षण झालंय. त्यामुळे "मुळात हवंच कशाला" या चर्चेसाठी कृपया वेगळा धागा काढा. इथे फक्त कोणतं घ्यावं एवढंच विचारायचं आहे.

पिस्तूल का नको तेही आधीच सांगते, नाहीतर पहिला प्रतिसाद तोच येणार. माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी संधिवात आहे. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पूर्ण मागे ओढायला जोर पुरत नाही, आणि अर्धवट ओढली गेली की काडतूस अडकतं. रिव्हॉल्व्हरमध्ये ही भानगडच नाही. सिलिंडर उघडा, भरा, बंद करा. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं आपोआप समोर येतं.

तीन डोक्यात आहेत. स्मिथ अँड वेसन ६४२: ५ काडतुसं, .३८ स्पेशल (हा काडतुसाचा प्रकार), ॲल्युमिनियमची फ्रेम, घोडा आत झाकलेला, वजन ४१० ग्रॅमच्या आसपास. रुगर एलसीआर: तीही ५ काडतुसांची, .३८मध्ये साधारण ३८० ग्रॅम. आणि किंबर के६एस: स्टेनलेस स्टील, .३५७ मॅग्नम, ६ काडतुसं, पण ६५० ग्रॅमच्या घरात.

रेंजवर ६४२ आणि स्टीलचं एक असं दोन्ही चालवून पाहिलं. स्टीलचं चालवायला सुख, पण खिशात ठेवलं की पँट एका बाजूला लोंबते. ६४२ खिशात आहे हेही विसरायला होतं, पण थोड्याच वेळात अंगठा ठणकायला लागला. मग सराव कसा करायचा? शिवाय ".३८ म्हणजे खेळणं, .३५७च घे" असं सांगणारे भेटतातच. त्यात कितपत तथ्य आहे?

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

.३५७ घ्या. त्यात .३८सुद्धा चालतं, उलटं चालत नाही. विषय संपला.

प्रतिसाद

वरच्यांचं अर्ध बरोबर आहे. .३८ची पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) .३५७पेक्षा साधारण ३ मिलीमीटर आखूड असते, म्हणून ती मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये बसते. (त्यात .३८ बरीच झाडली की आत काजळीचं कडं धरतं. ते साफ केल्याशिवाय .३५७ नीट आत जात नाही, हे कोणी सांगत नाही.) पण यांना संधिवात आहे, हे वाचलंत का?

पावणेदोन-दोन इंचाच्या नळीत मॅग्नमची सगळी दारू आत जळून संपतच नाही. उरलेली तोंडाशी पेटते. म्हणजे डोळे दिपवणारा भपका, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि लांब नळीत मिळतो तेवढा वेग तर मिळतच नाही. झटका मात्र पुरेपूर हातात येतो. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये तर आणखी एक गंमत होते: झटक्याने बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात आणि सिलिंडर फिरायचं थांबतं. स्मिथच्या ३४०पीडी या अतिहलक्या मॉडेलच्या नळीवर १२० ग्रेनपेक्षा (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हलकी गोळी वापरू नका असं कोरलेलं असतं, पण ते वेगळ्या कारणासाठी: टायटॅनियमचं सिलिंडर लवकर झिजू नये म्हणून.

खेळणंबिळणं काही नाही. ६४२ किंवा एलसीआर घेतलीत तर त्यात १४८ ग्रेनची वॅडकटर भरून पाहा. सपाट तोंडाची गोळी, मूळची निशाणेबाजीसाठीची, झटका अगदी मवाळ. आखूड नळीच्या .३८मध्ये ती बाळगणारे अनुभवी लोक बरेच आहेत. फक्त सपाट तोंडामुळे घाईत भरताना सिलिंडरच्या काठावर अडते.

प्रतिसाद

ताई, वजनाच्या आधी सिलिंडर उघडायची कळ पाहा. स्मिथची कळ अंगठ्याने पुढे ढकलावी लागते, आणि पकड जरा वर गेली तर झटक्यात तीच कळ अंगठ्याच्या पेरावर आपटते. तुमचा अंगठा कशाने ठणकला हे एकदा तपासा, सगळा दोष वजनाचा नसेलही. रुगर आणि किंबर या दोन्हींना दाबायचं बटण आहे. कोल्टची कळ मागे ओढायची असते, तुमच्यासाठी ती सगळ्यात त्रासाची.

दुसरं मुठीचं. ६४२बरोबर येणारी छोटी रबरी मूठ पाठीमागचं धातू उघडं ठेवते, ते थेट तळव्यात घुसतं. पाठ झाकणारी मोठी मूठ लावली तर फार फरक पडतो. अर्थात ती खिशात जास्त जागा खाणार, आणि रबर कापडाला चिकटतं म्हणून बाहेर काढताना अडतं. लाकडी सटकन निघते, पण झटका मुरवत नाही.

प्रतिसाद

.३२कडे कोणी पाहत नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. .३२ एच अँड आर मॅग्नम १९८४पासून आहे, .३८पेक्षा झटका स्पष्ट कमी, आणि काडतूस बारीक असल्याने ५च्या जागी ६ बसतात. स्मिथने २०२४मध्ये ४३२ आणि ६३२च्या 'अल्टिमेट कॅरी' आवृत्त्या याच काडतुसात काढल्या. त्यांची मूठ उंच पकडता येईल अशी आहे, आणि पुढची माशी (नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा उंचवटा) खरोखर दिसते! जुन्या छोट्या रिव्हॉल्व्हरवर माशी नावापुरतीच असायची. एलसीआरसुद्धा .३२७ फेडरलमध्ये मिळते, ६ काडतुसांची, ४८० ग्रॅमच्या आसपास, आणि तिच्यात एच अँड आर मॅग्नम चालतं. म्हणजे तुमच्या हलक्या-जडच्या भांडणातला मधला मार्ग.

अडचण एकच: काडतुसं .३८इतकी सहज मिळत नाहीत. नियमित मिळण्याची सोय आधी बघा, मग रिव्हॉल्व्हर.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. सिलिंडरच्या कळीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. .३२ कुठे चालवून बघता येईल ते शोधते. चापाबद्दल कोणी सांगेल का? ६४२चा फार जड वाटला. स्प्रिंग बदलून हलका होतो म्हणतात.

प्रतिसाद

होतो, पण बाळगायच्या हत्यारात तो उद्योग नको. स्प्रिंग हलकी केली की घोड्याचा फटका कमी पडतो आणि काडतूस पेटत नाही, विशेषतः कडक प्रायमर (काडतुसाच्या बुडाची, फटक्याने पेटणारी टिकली) असेल तर. घोडा झाकलेल्या रिव्हॉल्व्हरला प्रत्येक वेळी चाप पूर्णच ओढावा लागतो आणि त्याला पाच किलोच्या आसपास जोर लागतो. एवढं जड असणं हीच त्याची सुरक्षितता आहे, सुरक्षेची वेगळी कळ नसते. एलसीआरचा चाप मुळातच सलग आणि मऊ ओढला जातो. आतली कॅमची रचनाच तशी आहे, स्प्रिंगशी खेळ नाही. २००९मध्ये ती आली तेव्हा निम्मं कौतुक या चापाचंच होतं.

बोटाला सवय घरीही लागते. खोलीत एकही काडतूस नको, सिलिंडर दोनदा डोळ्यांनी आणि एकदा बोटाने तपासा, नकली काडतुसं भरा आणि भक्कम भिंतीकडे तोंड करून चाप ओढा. माशी न हलता चाप पूर्ण जातो का, एवढंच पाहायचं. याला झटका नाही, त्यामुळे अंगठ्यालाही त्रास नाही.

खिशात ठेवणार असाल तर चाप पूर्ण झाकणारं खिशाचं होल्स्टर घ्याच, आणि त्या खिशात किल्ली, रुमाल, काहीही नको. बसल्या जागी खिशातून काढणं अवघड जातं. तुम्ही दिवसभर खुर्चीत किंवा गाडीत असाल तर कंबरेच्या आतलं बरं, आणि तिथे चांगल्या पट्ट्यावर किंबरचं वजनही तेवढं जाणवत नाही.

राहता राहिलं रिकामं करणं. नळी आखूड की तिच्याखालचा, रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारा दांडाही आखूड, तो पुंगळ्या पूर्ण बाहेर काढत नाही. नळी आभाळाकडे करायची आणि तळव्याने दांड्यावर एकच जोरात फटका. अंगठ्याने हळूहळू दाबत बसलात तर एखादी पुंगळी आतच राहते. रेंजवर जाल तेव्हा तिन्हींवर हे करून पाहा, तुमच्या हाताला कोणतं झेपतं ते तिथेच कळेल.