आधी अर्जुन की आधी झाड?

लिमये काकू (ए-२०३): रविवारी नातवाचं बारसं. नाव अर्जुन ठरलंय. पण विहीणबाई अडून बसल्यात. गेटजवळ अर्जुनाचंच झाड ना, म्हणतात पोराला झाडाचं नाव कशाला! आता तुम्हीच सांगा, झाडाला नाव पांडवावरून मिळालं की पांडवाला झाडावरून?

पराग (बी-५०१): काकू, आधी पेढे 😀

कुलकर्णी सर (बी-१०१): दोन्ही नाही. अर्जुन म्हणजे पांढरा, उजळ. ऋग्वेदात, सहाव्या मंडलात, ‘अहश्च कृष्णमहरर्जुनं च’ असं येतं. काळा दिवस म्हणजे रात्र आणि अर्जुन दिवस म्हणजे उजेडाचा. तिथे ना पांडव, ना झाड. आपलं ‘रजत’ आणि लॅटिनमधलं चांदीचं ‘अर्जेंटम’ही याच मुळातले. अर्जेंटिनाचं नाव त्यावरूनच.

पराग (बी-५०१): म्हणजे २०२२चा वर्ल्ड कप आपल्या भावकीतच आला की!

मंजिरी (सी-१०२): झाडाचं तर डोळ्यांनीच कळतं. खाली उतरलात की खोड बघा. जुना पापुद्रा सुटला की आतून गुळगुळीत, फिकट साल निघते, ऊन पडलं की चमकते. याचा जातभाई ऐन, त्याची साल मगरीच्या पाठीसारखी काळपट भेगाळलेली. अर्जुनाच्या फळाला पाच पंख असतात. (पाच पांडव असं काही नाही, उगाच फॉरवर्ड करू नका.)

देशमुख (ए-६०४): पण महाभारतातला अर्जुन सावळा ना?

कुलकर्णी सर (बी-१०१): गंमत तिथेच आहे. विराटपर्वात राजपुत्र उत्तर म्हणतो, अर्जुन असशील तर तुझी दहा नावं सांग. तो सांगतो, माझ्यासारखा वर्ण पृथ्वीवर दुर्मिळ आणि माझं कर्म शुक्ल, म्हणून मी अर्जुन. आणि त्याच यादीत ‘कृष्ण’ही आहे, वडिलांनी ठेवलेलं! मला स्वतःला मात्र शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातला धागा जास्त पटतो. तिथे अर्जुन हे इंद्राचं गुप्त नाव आहे आणि फल्गुनी नक्षत्राला अर्जुनी म्हटलंय. महाभारतातला अर्जुन इंद्राचा मुलगा, जन्म उत्तरा फल्गुनीवर, म्हणून फाल्गुनही. बापाचं नाव मुलाकडे आलं, इतकं साधं.

लिमये काकू (ए-२०३): सर, हे सगळं वाचून दाखवलं. आता म्हणतात, कृष्णाने उखळ ओढत पाडलेली ती शापित झाडं अर्जुनाचीच!

कुलकर्णी सर (बी-१०१): हो, यमलार्जुन. पण शाप झाडांना नव्हता, कुबेराच्या मुलांना होता. नारदांच्या शापाने ते झाड झाले आणि झाडं पडल्यावर सुटले.

मंजिरी (सी-१०२): काकू, बाळाचं नक्षत्र कोणतं?

लिमये काकू (ए-२०३): स्वाती.

मंजिरी (सी-१०२): मग झालंच काम! नक्षत्रवनात प्रत्येक नक्षत्राचं एक झाड असतं, स्वातीला अर्जुनच लावतात.

पराग (बी-५०१): पण स्वातीची अक्षरं रू, रे, रो, ता. अ कुठाय?

लिमये काकू (ए-२०३): परागऽऽ! त्या बाजूलाच बसल्यात. पत्रिकेत रोहन घालू, हाक मारायला अर्जुन.

देशमुख (ए-६०४): याची साल हृदयाला चांगली ना? बाबांसाठी थोडी काढून नेऊ का?

सेक्रेटरी: कोणीही साल काढायची नाही. आधी डॉक्टरांना विचारा, मग दुकानातून आणा. आजच वॉचमनने दाखवलं, कंबरेच्या उंचीवर कोणीतरी वीतभर खरवडलंय.

देशमुख (ए-६०४): मी नाही हं. मी फक्त विचारलं.