व्याकरण येणे आणि ते शिकवता येणे

इंग्रजी साहित्याची पदवी घेतली की माध्यमिक वर्गांना इंग्रजी शिकवण्याची तयारी पूर्ण झाली, असे काहींचे म्हणणे असते. त्याला थोडी पुस्ती जोडतो. पदवीमुळे वाचन वाढते हे खरे, परंतु वर्गात पहिल्याच आठवड्यात समोर येणारा प्रश्न बहुधा कवितेचा नसतो. ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ हे वाक्य का चुकते, असे तेरा-चौदा वर्षांचे मूल विचारते, आणि ‘ते कानाला खटकते’ हे उत्तर त्याच्या काही कामाचे नसते. ‘हॅव सीन’ हे रूप घडून गेलेल्या गोष्टीचा संबंध वर्तमानाशी जोडते, तर ‘यस्टरडे’ हा शब्द संपलेला काळ दाखवतो, म्हणून दोहोंचा मेळ बसत नाही, हे सांगून लगेच चार उदाहरणे फळ्यावर लिहिता आली पाहिजेत. उच्चारांचेही तसेच आहे: ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असताना आघात (उच्चारातला जोर) पहिल्या अवयवावर, म्हणजे सिलॅबलवर, आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर पडतो, हे मुद्दाम म्हणून दाखवावे लागते.

यासाठी अनुभवी शिक्षकाच्या तासाला मागच्या बाकावर बसावे आणि त्यांच्या बोलण्याइतकेच मुलांच्या वह्यांकडेही लक्ष द्यावे, असे मी सुचवेन. निबंध तपासताना प्रत्येक चूक लाल शाईने रंगवण्याचा मोह (मलाही तो बरीच वर्षे आवरला नाही) टाळून एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीवर खूण केली, तर मूल ती स्वतः दुरुस्त करू लागते. पाठ-टाचण, म्हणजे तासाला काय आणि कसे शिकवायचे याची आधी केलेली लेखी नोंद, काय, सरावाने जमतेच.