'ड्युअल बूट'ला 'दुहेरी बूट' म्हणावं का?

प्रश्न: एकाच संगणकावर विंडोज आणि उबुंटू या दोन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) बसवण्याची कृती मराठीत लिहितोय. 'ड्युअल बूट'ला 'दुहेरी बूट' आणि 'पार्टिशन'ला 'विभाजन' चालेल का?

– 'दुहेरी' नको. दुहेरी वाहतूक म्हटलं की दोन्ही दिशांच्या गाड्या एकाच वेळी धावतात. इथे एका वेळी एकच प्रणाली चालते, दुसरी डिस्कवर पडून असते. दोन्ही एकदम हव्या असतील तर व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) लागतं, आणि नवख्यांचा गोंधळ नेमका इथेच होतो. 'ड्युअल बूट' तसाच ठेवा. पहिल्याच वाक्यात 'संगणक सुरू होताना दोहोंपैकी एक निवडायची सोय' असं सांगून टाका. (बूट हा पायातलाच बरं का! बुटाची पट्टी धरून स्वतःच स्वतःला उचलायचं, त्यावरून आलाय.)

– 'विभाजन' ही क्रिया झाली. डिस्कच्या झालेल्या भागाला 'कप्पा' म्हणा, वाक्यं आपोआप सरळ होतात: 'विंडोजचा कप्पा आक्रसून ५० जीबी जागा मोकळी करा.' 'श्रिंक'ला 'आक्रसणे' चपखल बसतो. आतलं सामान तसंच राहतं, फक्त हद्द मागे सरते. हे विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच करायला सांगा, आणि मोकळ्या जागेत नवा ड्राइव्ह करू नका हेही लिहा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यायला हवी. सहसा १०० एमबीचा असणारा ईएफआय कप्पा (प्रणाली सुरू करणाऱ्या फाइलींचा) क्षुल्लक वाटतो, पण तो पुसला तर विंडोज सुरूच होणार नाही.

– सगळ्यात फसवा शब्द 'शटडाउन'. त्याला नुसतं 'बंद करा' लिहू नका. फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू व्हावं म्हणूनची सोय) चालू असेल तर विंडोज पुरतं बंद होत नाही. कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते. मग उबुंटूतून विंडोजचा कप्पा उघडलाच तर फाइली वाचता येतात, जतन करता येत नाहीत. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ती खूण काढा, मग 'बंद' म्हणजे बंद.

– घड्याळाबद्दलही जपून लिहा. उबुंटूतून विंडोजमध्ये आलं की वेळ साडेपाच तास 'मागे दिसते'. 'मागे पडते' लिहिलंत तर वाचक मदरबोर्डचा सेल बदलायला जाईल. सेल ठणठणीत असतो. उबुंटू मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्याहून साडेपाच तास मागे) लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. उबुंटूत 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' (timedatectl set-local-rtc 1) ही आज्ञा एकदा दिली की भागतं.