पट्ट्याची भोकं (वजन, सवयी आणि फजित्या: तुमचे अनुभव)

धोपटमार्गी

रविवारी कपाट आवरताना वरच्या कप्प्यात एक गुंडाळी सापडली. उलगडली तर माझा जुना चामडी पट्टा. बायको म्हणाली, टाका आता तो. मी हो म्हटलं आणि पलंगावर बसून त्याच्याकडे बघतच राहिलो.

पाच भोकं कारखान्याची, एका ओळीत. त्यांच्या आतल्या बाजूला तीन माझी, तापवलेल्या खिळ्याने पाडलेली, वेडीवाकडी. एकाची कड जळून काळी झालेली. ही तिन्ही चार महिन्यांत पडली. वय एकतीस, ऑफिसात पैज लागलेली. रात्रीचं जेवण बंद, गोड बंद, तेल बंद, कुणाकडे जाणंही बंद, कारण गेलं की खावं लागतं. चौदा किलो उतरवले, पैज जिंकलो. जो तो विचारायचा 'कसं केलंस?' आणि मी त्याला धरून अर्धा तास प्रवचन द्यायचो.

पुढचं पट्टाच सांगतो. माझ्या तीन भोकांपाशी चामड्यावर बकलाची खूण जेमतेम दिसते, इतके थोडे दिवस मी तिथे राहिलो. सगळ्यात खोल खूण आहे कारखान्याच्या अगदी शेवटच्या भोकावर. ते ताणून ताणून लांबट झालंय. वर्षभरात चौदाचे सोळा होऊन परत आले. मुद्दल अधिक व्याज.

आता वय चोपन्न. या खेपेला नऊ किलो उतरले आणि त्याला अडीच वर्षं लागली. पण सहा वर्षं झाली, परत आलेले नाहीत. केलं काय, तर सांगायला लाज वाटावी इतकं साधं. येताना दोन थांबे आधी उतरून चालत घरी. दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या आधी दहा मिनिटं नुसतं बसायचं, बहुतेक वेळा वाढून घ्यायचं विसरायलाच होतं. शनिवारी सकाळी वजन, आणि दोन किलोने वर गेलं तर तो आठवडा हात आखडता. या वेळी कुणीच विचारलं नाही 'कसं केलंत', कारण कुणाच्या लक्षातच आलं नाही.

पट्टा टाकवत नाहीये. तुमच्याकडे अशी एखादी वस्तू, सवय, फजिती? लिहा. उपदेश नको, घडलेलं सांगा.

लिफ्टबंद

ऑफिसची लिफ्ट सात आठवडे बंद होती. आम्ही पाचव्या मजल्यावर. पहिला आठवडा मी तिसऱ्या मजल्यावर थांबून फोन आल्याचं नाटक करायचे, म्हणजे धापा टाकताना कुणी बघायला नको. एकदा 'हो हो, पाठवते' असं म्हणत असतानाच कानाशी धरलेला फोन खरोखर वाजला. साहेब मागेच.

लिफ्ट सुरू झाली त्या दिवशी आत शिरले. दार काही लवकर बंद होईना, कंटाळून बाहेर पडले आणि जिन्याने वर पोचले. तेव्हापासून जिनाच. वजन म्हणाल तर तीनच किलो, पण आता वर पोचून लगेच बोलता येतं.

उगाचच

'साहेब मागेच' वाचून बसमध्ये एकटाच हसतोय. शेजारचे काका सरकून बसले.

चिमणचारा

मुलांचं उरलेलं. एवढंच लिहिते, आया समजून जातील.

दोनघास

समजले गं! माझं इथलं नावच त्यावरून आहे. दोन घास याच्या ताटातले, दोन तिच्या, पातेल्याच्या तळाला राहिलं ते एवढंसं कशाला ठेवायचं म्हणून, आणि मग स्वतःचं ताट अख्खं. वर मी सगळ्यांना सांगायची, अगं मी काही खातच नाही.

एक दिवस ते सगळे घास तोंडात न टाकता एका डब्यात टाकत गेले. रात्री झाकण उघडलं तर एका माणसाचं धड जेवण! डबा नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, छान, उद्या ऑफिसला नेतो. या माणसाला काही म्हणजे काही कळत नाही.

आता मुलांना आधी निम्मंच वाढते, हवं तर मागतात. सात महिन्यांत चार किलो, दुसरं काहीही न करता.

चिमणचारा

डब्याचा प्रयोग उद्याच करते. नवऱ्याला दाखवणार नाही.

आकडेमोड

मी हिशेबातला माणूस, त्यामुळे हिशेबच लिहितो. दिवसाला पाच कप चहा, कपात दोन चमचे साखर. एक चमचा म्हणजे साधारण ४ ग्रॅम, १६ कॅलरी. दहा चमच्यांच्या १६०, त्याही बसल्या जागी. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, जमलं तर ५ च्या. पाच टक्के म्हणजे दिवसाला सहा चमच्यांच्या आसपास. माझे दहा नुसते चहात जायचे, बिस्किटं वेगळी.

एकदम सोडून बघितली, तिसऱ्या दिवशी घरात भांडण. मग दर पंधरा दिवसांनी कपामागे अर्धा चमचा कमी करत गेलो. दोन महिन्यांत शून्य. आता कुणाकडे नेहमीचा चहा दिला तर पाक प्यायल्यासारखं वाटतं.

फुशारकी मारत होतो तेव्हा बायकोने शांतपणे विचारलं, आणि तेल? स्वयंपाक सुट्टीच्या दिवशी मी करतो, बाटलीतून थेट. तिने माझी 'धार' वाटीत धरून मोजली. चार मोठे चमचे. एका मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी. पुढे काही बोललो नाही.

उगाचच

वहिनींना नमस्कार सांगा.

तिरकीफरशी

माझा प्रॉब्लेम वेगळा आहे. वजनकाटा हॉलमध्ये ७१.४ दाखवतो, न्हाणीघराबाहेर ६९.८ आणि गालिच्यावर ६६. मी अर्थातच गालिच्यावर ठेवलाय. पण कोणतं धरायचं?

लिफ्टबंद

गालिच्यावरचं धरू नका हो! कडक, सपाट फरशी पाहिजे. जागा एकच, वेळ एकच. सकाळी उठल्यावर, काही खायच्या आधी.

तिरकीफरशी

सपाट फरशी असती तर नाव हे घेतलं असतं का

अर्धवट_झोप

रात्रपाळीवाली नर्स. आमच्याकडे रात्री तीन वाजता जी भूक लागते ती पोटाची नसतेच. टेबलावर बिस्किटांचा पुडा उघडा असायचा, कुणी आणला कुणालाच माहीत नाही, सकाळपर्यंत रिकामा. मी दोनच खाल्ली असं प्रत्येकजण म्हणायची. पुडा चोवीस बिस्किटांचा आणि ड्यूटीवर आम्ही तिघी, तेव्हा हिशेब तुम्हीच

बेल वाजली, येते

आकडेमोड

आठ-आठ.

अर्धवट_झोप

आले. काय सांगत होते? हां. झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याची वर्दी देणारं लेप्टिन कमी होतं, हे आम्ही शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. स्वतःला लागू आहे हे कळायला अकरा किलो वाढावे लागले.

दोन गोष्टी केल्या. पुडा टेबलावरून उचलून कॉरिडॉरच्या टोकाच्या कपाटात. बंदी नाही, हवं त्याने चालत जाऊन खावं. कुणी जाईना! दुसरं, घरी आल्यावर खोलीत काळे पडदे आणि फोन स्वयंपाकघरात. साडेचार तासांची झोप साडेसहावर आली. चौदा महिन्यांत सहा किलो गेले. पाच आहेत अजून, असू देत.

दोनघास

काळे पडदे उन्हाळ्यात फार तापतात का? मुलीच्या खोलीला लावायचेत.

अर्धवट_झोप

मागून पांढरं अस्तर लाव. फरक पडतो.

काटकुळा

माझं कुणीच ऐकत नाही. उंची १८०, वजन ५७. मी कुठेही 'वजन' हा शब्द काढला की लोक म्हणतात, आमच्यातलं घे. सहा महिने दूध-अंडी मोजून खातोय आणि वजनं उचलतोय. वाढलं किती, दीड किलो. परवा ताप आला, तेही गेलं.

धोपटमार्गी

या काटकुळे, बसा. तुमचंही दुःख इथे चालेल. पट्टा देऊ का? आतली तीन भोकं कोरी आहेत.

काटकुळा

मला चौथं पाडावं लागेल.

ऊनसावली

थोडं गंभीर लिहितेय, राग मानू नका. दोन वर्षं मी स्वतःला आळशी म्हणून शिव्या घातल्या. चालायचे, मोजून जेवायचे, तरी काटा वरच. दुपारी बसल्या जागी डोळे मिटायचे, सगळे पंखा लावा म्हणायचे तेव्हा मला शाल लागायची, कंगव्यात केसांचे पुंजके. घरातले म्हणायचे, चोरून खात असशील. शेवटी रक्त तपासलं, थायरॉइड कमी निघालं.

गोळी सुरू झाली म्हणून सगळं वजन उतरलं नाही, तीनेक किलोच. बाकीचं माझं मलाच करावं लागतंय. पण संध्याकाळी चालायला पाय उचलतात आता. ज्यांना थकवा, थंडी, केस गळणं असं सगळं एकदम सुरू झालंय त्यांनी आधी डॉक्टरांकडे जा. 'चोरून खात असशील' हे मात्र मी अजून विसरलेले नाही.

चिमणचारा

घट्ट मिठी तुला. ते वाक्य म्हणणाऱ्यांना उत्तर देऊ नकोस, रिपोर्ट फ्रेम करून भिंतीला लाव.

उगाचच

मी घड्याळवाला. मनगटावरचं. दहा हजार पावलं झाल्याशिवाय झोपायचं नाही असा पण केला होता. रात्री पावणेबाराला हॉलमध्ये फेऱ्या. खालच्या मजल्यावरच्या आजी एक दिवस वर आल्या, घाबरलेल्या. त्यांना वाटलं आमच्याकडे कुणीतरी अत्यवस्थ आहे.

आकडेमोड

दहा हजार हा आकडा काही डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. नाव खपलं, आकडा राहिला. फायदा त्याच्या बराच आधी सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटना तर पावलं मोजतच नाही, आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं दमदार चालणं आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम म्हणते.

उगाचच

म्हणजे मी एका जाहिरातीसाठी आजींना घाबरवलं. उद्या खाली जाऊन सांगतो.

पुनश्चहरिओम

मी पाच वेळा उतरवून पाच वेळा वाढवलंय, त्यामुळे अनुभव भरपूर. पहिल्या आठवड्यात अडीच किलो जातात आणि माणूस हवेत. तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं की ते बरंचसं पाणी असतं. शरीर ग्लायकोजेन (म्हणजे साखरेचा राखीव साठा) साठवतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी. खाणं तोडलं की साठा जातो, पाणीही जातं. एक दिवस नीट जेवलो की दोन्ही परत. मी दर वेळी त्याच दिवशी 'जाऊ दे, आपल्याला जमणार नाही' म्हणून सोडून द्यायचो. जे गेलंच नव्हतं ते परत आलं म्हणून!

धोपटमार्गी, शनिवारच्या वजनाला मात्र माझा विरोध आहे. मी दिवसातून सहा वेळा काट्यावर चढायचो. पाणी प्यायच्या आधी, नंतर. जेवण वगळायचो, चिडचिड करायचो. शेवटी बहिणीने काटा उचलून तिच्या घरी नेला. आता एक निळी पँट आहे, पहिल्या तारखेला घालून बघतो. बटण लागलं की झालं.

धोपटमार्गी

निळी पँट मान्य. माणूस बघून माप ठरवावं. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही आहे, किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर ते टिकवलेल्या लोकांची. त्यातले तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात आणि बहुतेकजण रोज तासभर चालणं-बिलणं करतात. वाचून मला बरं वाटलं होतं, म्हणून शनिवार. पण सहा वेळा चढणं म्हणजे शिक्षाच की हो. बहीण शहाणी आहे.

लिफ्टबंद

बाकी ते खिळा तापवून भोक का पाडलंत? पट्ट्याला भोक पाडायचा पंच मिळतो की.

धोपटमार्गी

पंच आता आहे. तेव्हा रात्री साडेअकराला आरशात बघून वाटलं, आत्ताच्या आत्ता पाडायचं. सांडशीत खिळा धरला, गॅसवर लाल केला. घरभर चामडं जळल्याचा वास, आई उठून आली. म्हणाली, जेवत नाहीस आणि पट्टे भाजतोस?

दोनघास

आई!!

तिरकीफरशी

अपडेट. फरशीचा एक सपाट तुकडा सापडला, फ्रिजशेजारी. नवीन सेल टाकले. ७३.२.

जुने सेल परत टाकलेत.