ठाण्याहून साताऱ्याच्या औंधला चित्रे पाहून एका दिवसात परतता येईल का?

नौपाडा, ठाणे
नमस्कार. शाळेची वार्षिक परीक्षा संपली की चैत्रात सातारा जिल्ह्यातील औंधचे श्रीभवानी चित्रसंग्रहालय पाहायला जाण्याचा आमचा विचार आहे. माझे सासरे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक आहेत. राजा रविवर्मा आणि धुरंधर त्यांनी नोकरीभर छापील प्रतींवरूनच शिकवले, त्यामुळे मूळ चित्रांसमोर एकदा उभे राहायचे त्यांच्या फार मनात आहे. मुलगी यंदा इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसणार असल्याने तीही सोबत येईल. गाडी घरचीच आहे, मात्र सासऱ्यांचे गुडघे दुखतात. पहाटे निघून रात्री परतणे जमेल का, संग्रहालयाला किती वेळ द्यावा आणि गावात आणखी काय पाहण्यासारखे आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ऐरोली
जमण्यासारखे आहे, पण ओढाताण होईल. ठाण्याहून साताऱ्यापर्यंतच सुमारे अडीचशे किलोमीटर होतात आणि तिथून कोरेगाव, रहिमतपूरमार्गे औंध गाठायला आणखी तासभर तरी लागतो. पहाटे चारला निघून द्रुतगती मार्गाने उजाडायच्या आत पुणे ओलांडले, तरच संग्रहालय उघडण्याच्या सुमारास पोहोचाल. सोमवारी संग्रहालय बंद असते, म्हणून शनिवार किंवा रविवार धरावा. मोबाइलवर रस्ता शोधताना ‘औंध, तालुका खटाव’ असे पूर्ण लिहावे, नाहीतर पुण्यातल्या औंधचा रस्ता समोर येतो. संग्रहालय यमाई देवीच्या मूळपीठाच्या (डोंगरावरच्या मूळ देवळाच्या) वाटेतच आहे आणि गाडी तिथपर्यंत जाते, तेव्हा सासऱ्यांना चढावे लागणार नाही. रात्री परतताना मात्र गाडी चालवणारे दोघे असावेत.

खारघर (गाव खटाव तालुक्यात)
वरील माहिती बरोबर आहे, तरी माझे मत वेगळे आहे. आपण शनिवारी दुपारी निघून साताऱ्यात मुक्काम करावा आणि रविवारचा सबंध दिवस औंधला द्यावा. सासऱ्यांनी ज्या भेटीची इतकी वर्षे वाट पाहिली, तिथे घड्याळाकडे बघत दालने ओलांडायला लावणे मला योग्य वाटत नाही.

दुसरे कारण असे की संग्रहालय आणि गाव एकाच माणसाच्या ध्यासातून घडले आहेत, त्यामुळे ती दोन्ही मिळून पाहावीत. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. आयुष्यभर जमवलेली चित्रे आणि शिल्पे सर्वांना पाहता यावीत म्हणून त्यांनी 1938 मध्ये हे संग्रहालय उभारले. त्याच सुमारास त्यांनी राज्यकारभार रयतेच्या हाती सोपवण्याचा निर्णय घेतला, आणि गांधीजींच्या सल्ल्याने, पुत्र अप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रीडमन यांच्या परिश्रमातून 1939 मध्ये ग्रामपंचायतींवर उभी असलेली राज्यघटना अमलात आली. सूर्यनमस्काराचा प्रसारही त्यांनी असाच तळमळीने केला. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर, जे स्वतः चित्रकलाही शिकलेले होते, त्यांनी याच गावी स्वाध्याय मंडळ चालवले. त्यांचे पुत्र माधव सातवळेकर पुढे नामवंत चित्रकार झाले. गदिमाही काही काळ इथे शिकले. एवढ्याशा गावात इतके सगळे एकत्र कसे आले, हे मुलीला तिथेच उभे राहून सांगावे, म्हणजे ते तिच्या मनावर ठसेल.

गावातल्या यमाईच्या देवळासमोरची उंच दीपमाळ जवळ जाऊन पाहावी. दिवे ठेवण्यासाठी काढलेले दगडी हात खालपासून वरपर्यंत मोजावेसे वाटतात. आमचा भाग पर्जन्यछायेतला असल्यामुळे चैत्रात ऊन अकरापासूनच तापते, म्हणून मूळपीठाचे दर्शन आधी उरकावे आणि उन्हाची वेळ दालनांत घालवावी. पाणी भरपूर बाळगावे.

नौपाडा, ठाणे
मनःपूर्वक आभार. मुक्कामाची सूचना घरात सर्वांना पटली आहे. दालनांत सुरुवात कुठून करावी, हेही कोणी सांगू शकेल का?

कोपरी, ठाणे
मी व्यवसायाने चित्रकार आहे. तेव्हा आग्रहाने सांगतो की पहिल्या फेरीत कुठेही न थांबता सगळी दालने नुसती चालून यावीत, आणि मग मोजक्याच चित्रांपाशी परत जावे. लघुचित्रे, युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती, संगमरवरी पुतळे, हस्तिदंती काम असा मोठा पसारा असल्याने क्रमाने पाहत गेल्यास मुख्य चित्रांपर्यंत डोळे थकून जातात.

रविवर्म्याच्या ‘सैरंध्री’साठी सर्वाधिक वेळ राखून ठेवावा. राणी सुदेष्णेच्या आज्ञेवरून कीचकाकडे मद्य आणायला जावे लागणाऱ्या द्रौपदीची धास्ती त्यात आहे. छापील प्रतीत तैलरंगाचे थर एकसपाट होतात. मूळ चित्रापाशी थोडे तिरके उभे राहिले की त्वचेचा रंग किती पातळ लेपांनी चढवत नेला आहे आणि वस्त्रावर कुंचला कुठे जाड टेकला आहे, ते उजेडात दिसू लागते. हे सासऱ्यांनीच मुलीला दाखवावे. धुरंधरांची चित्रे त्यानंतर लगेच पाहिली, तर माणसांच्या हालचाली रेखाटण्याची त्यांची हातोटी अधिक लक्षात येते. हेन्री मूरचे माता आणि बालक हे शिल्प तर चुकवूच नये. नाकडोळ्यांच्या तपशिलाशिवाय निव्वळ आकारातून माया कशी दाखवता येते, हे इंटरमिजिएटच्या विद्यार्थिनीला पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळेल.

रेखाटनवही आणि पेन्सिल बरोबर असावी. दालनात बसून रेखाटने करायची असतील तर आत शिरतानाच तिथल्या कर्मचाऱ्यांची परवानगी घ्यावी. सासऱ्यांसाठी घडीचा स्टूल न्यायचा असल्यास तेही तेव्हाच विचारून घ्यावे.