शनिवारी नागपूर, निघायचं किती वाजता?

देशपांडे (बी-704): मागच्या वेळी याच ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, "नागपूर काय, दीड तासाचं." नाव घेत नाही. त्या भरवशावर दोन तास आधी घर सोडलं. पाऊण तास कापूरबावडीलाच गेला. काउंटर बंद, दोन तिकिटं पाण्यात. यंदा चौधरींच्या लग्नाला तरी नीट सांगा.

साठे (सेक्रेटरी): नमस्कार देशपांडे साहेब. दीड तास विमानाचा सांगितला होता. घोडबंदर रोडची हमी कमिटी घेत नाही 🙏

कुलकर्णी (ए-302): समृद्धीने जा. 701 किमी. आमणेला चढा, थेट नागपूर.

मृणाल (सी-1101): रेल्वेने 837 आहे, सरळ रेषेत साधारण 690. विमान ताशी 800 ने जातं ना? मग तिकिटावर 1 तास 35 मिनिटं कशी?

राणे (सी-204): बेटा, ती वेळ गेट ते गेट असते. रांगेत उभं राहणं, वर चढणं, उतरणं सगळं त्यात. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. रांग लागणारच. थंडीत वर पश्चिमेचा वारा असतो, नागपूरला जाताना पाठीवर, येताना तोंडावर. म्हणून परतीला थोडा जास्त वेळ. एअरपोर्टवर 31 वर्षं काढलीत.

गोखले काकू: वाऱ्याचं राहू दे, सी विंगची टाकी वाहतेय. वॉचमन फोन उचलत नाही.

कुलकर्णी (ए-302): समृद्धी. 701. इगतपुरी-आमणे टप्पा 5 जून 2025 लाच सुरू झाला. 8 तास.

नाईक (ए-105): कुलकर्णी, तुमची गाडी 120 ला नेली तर दरवाजे इगतपुरीतच राहतील. आधी पाहुण्यांच्या पार्किंगमधून हलवा तिला. गणपतीपासून तिथेच आहे.

कुलकर्णी (ए-302): विषय नागपूरचा चालू आहे.

चौधरी (बी-402): काहून भांडून राहिले बाप्पा? कशानंही या, हळदीच्या आधी पोचा. सावजी सांगून ठेवलं आहे.

देशपांडे वहिनी: एक विचारू का? आमच्या तिकिटावर "नवी मुंबई" आहे. ते सहारचं टी2 टर्मिनलच का?

राणे (सी-204): नाही वहिनी. ते उलव्याचं नवीन विमानतळ. 25 डिसेंबर 2025 पासून उड्डाणं सुरू झालीत. सहारला गेलात तर तिथे तुमचं विमानच नसेल. तुम्ही ठाणे-बेलापूर रोड धरा.

देशपांडे (बी-704): साठे, ग्रुप बुकिंग तुम्हीच केलंत ना?

साठे (सेक्रेटरी): हा मेसेज डिलीट केला आहे

साठे (सेक्रेटरी): साहेब, तिथून स्वस्त पडलं. माणशी 900 वाचले. सांगायचं राहून गेलं.

देशपांडे (बी-704): वा. म्हणजे मी पुन्हा टी2 ला ट्रॉली ढकलत उभा राहिलो असतो. मेंटेनन्सची नोटीस मात्र बरोबर 1 तारखेला दाराला चिकटते.

गोखले काकू: टाकी!

कुलकर्णी (ए-302): समृद्धी. माझ्या गाडीत दोन सीट रिकाम्या आहेत.

देशपांडे (बी-704): पहाटे किती वाजता निघताय?

कुलकर्णी (ए-302): चारला. टोल अर्धा-अर्धा.

नाईक (ए-105): पार्किंग मोकळं होणार असेल तर टोलाला शंभर माझेही धरा.