मशीन बिघडलं की सगळे शहाणे होतात: वॉशिंग मशीनचे अनुभव सांगा

पावसाळी
काल रात्री वरच्या मजल्यावरून धडाम धडाम आवाज यायला लागले. नवरा म्हणाला, कपाट सरकवतायत. म्हटलं, कपाट नाही, मशीन स्पिनला लागलंय आणि ओली चादर एका बाजूला गोळा झालीय. हा आवाज मी झोपेतही ओळखेन.

आमचं पहिलं मशीन सेमी ऑटोमॅटिक होतं. एकदा स्पिनर फिरेना, मोटर नुसती हुं हुं करायची. दुरुस्तीवाला रोज "उद्या येतो" म्हणायचा. पाचव्या उद्याला सासऱ्यांनी मागचं पत्र्याचं झाकण उघडलं. स्पिनरच्या ब्रेकची तार तुटली होती, म्हणून ब्रेक लागला तो लागलेलाच. बाबांनी पायातल्या बुटाची लेस काढली आणि तारेच्या जागी बांधली. "माणूस येईपर्यंत चालेल," म्हणाले. माणूस आलाच नाही. लेस ताणून सैल व्हायची, दर दोन महिन्यांनी बाबा खाली बसून नवी गाठ मारायचे. आणि त्यांच्या एका बुटाला कायम तपकिरी लेस, दुसऱ्याला काळी. लग्नकार्यातही तसेच.

ते मशीन जाऊन बरीच वर्षं झाली. बाबाही नाहीत आता. तो वरचा आवाज ऐकून आठवलं सगळं. तुमचेही लिहा.

गोगलगाय
अनुभव नंतर लिहिते. आत्ता आमचं मशीन पाण्याने भरून बंद पडलंय, दार लॉक, आत मुलाचा युनिफॉर्म. एकच आहे. उद्या शाळा. कोणी आहे का इथे???

टोपीवाला
पावसाळी, लेस भारी!
माझं छोटंसं. कस्टमर केअरला फोन केला की पलीकडची बाई आधी विचारते, "सर, प्लग लावला आहे का?" दरवेळी चिडायचो, आम्ही काय अडाणी आहोत का. एकदा खरंच लावलेला नव्हता. "हो, लावलाय" म्हणालो आणि फोन ठेवून लावला.

सुतारपक्षी
@गोगलगाय फ्रंट लोड आहे ना? आधी प्लग काढा. गरम पाण्याचा प्रोग्राम लावला असेल तर थोडं थांबा, भाजेल. खाली कोपऱ्यात छोटी झडप असते, तिच्या आत पंपाचा फिल्टर. काही मॉडेलना शेजारी बारीक रबरी नळी असते, असेल तर तिचं बूच काढून आधी पाणी सोडा. नसेल तर पसरट ताट लावा, जाड टॉवेल घ्या आणि फिल्टर थोडासाच सैल करा. पूर्ण काढू नका!! ताट भरलं की घट्ट, ओतलं की परत सैल.
दार ओढू नका. पाणी गेल्यावरही लॉक सुटायला एखाददोन मिनिटं लागतात.

खडूस_काकू
नंबर शोधताना जपा गं बायांनो. मी इंटरनेटवर पहिला दिसला तो लावला. "कंपनीतूनच बोलतोय मॅडम." फार गोड बोलत होता. मग म्हणाला, एक अ‍ॅप डाउनलोड करा, नोंदणीसाठी. लेक शेजारी बसली होती, तिने फोन हातातून ओढूनच घेतला. ते अ‍ॅप म्हणजे आपल्या फोनवरचं सगळं त्याला दिसणार, ओटीपीसकट. खरा नंबर वॉरंटी कार्डावर किंवा मशीनच्या स्टिकरवर असतो. आमचं कार्ड कुठे होतं विचारू नका.

टोपीवाला
कुठे होतं?

खडूस_काकू
मशीनच्या खाली. हलू नये म्हणून घडी करून मीच सारलेलं.

भुंगा
आमचं नवंकोरं मशीन चालायला लागलं. म्हणजे शब्दशः. बाथरूममधून निघालं आणि पॅसेजपर्यंत आलं, प्लग निसटला म्हणून थांबलं, नाहीतर खाली उतरलं असतं. मी त्यावर बसूनही पाहिलं. (वजन ८२. फरक पडला नाही.)
कंपनीचा मुलगा आला, त्याने मशीनच्या मागे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मागचे चार लांब बोल्ट तसेच होते. प्रवासात ड्रम हलू नये म्हणून घातलेले असतात, वापरण्याआधी काढायचे असतात. मी घाई करून स्वतःच जोडलं होतं ना. आता ते बोल्ट जपून ठेवलेत, घर बदलताना परत लागतात.

शेपूट
ते मशीन की ती मशीन?

खडूस_काकू
ते.

टोपीवाला
आमच्याकडे ती.

भुंगा
चालू असताना ते, बिघडली की ती.

नुसतीच
@भुंगा हे वाक्य बायकोला दाखवा, मग बोलू.

असो. माझा किस्सा लांब आहे, भाजी गॅसवर ठेवून लिहितेय.

आमचं टॉप लोड पाणी घेतच राहायचं. अर्धा तास, पाऊण तास, टब काही भरेना. पहिला माणूस आला: इनलेट व्हॉल्व्ह गेला. बदलला. फरक शून्य. दुसरा आला: पहिल्याने उगाच बदलला, तुमचा प्रेशर स्विच गेलाय, पाणी किती भरलं ते मशीनला कळतच नाही. बदलला. शून्य. तो म्हणाला, मग पीसीबी, म्हणजे मशीन चालवणारं सर्किट बोर्ड. पीसीबीची किंमत ऐकून नवरा आतल्या खोलीत जाऊन बसला.

तिसरे एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर पिशवीतून काढलाही नाही. मशीन सुरू करायला लावलं आणि मोरीपाशी नुसते उभे राहिले. मग मला बोलावलं, "ताई, हे बघा." इकडून पाणी भरतंय आणि तिकडे सांडपाण्याच्या पाइपातून तितकंच मोरीत जातंय! पाइप आकड्यातून निघून जमिनीवर पडला होता. त्याचं तोंड टबातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर हवं, खाली असलं की पाणी आपोआप ओढलं जातं. सायफन. शाळेत आकृती काढून मार्क मिळवले होते मी.

त्यांनी पाइप उचलून आकड्यात अडकवला. झालं.

पाइप खाली कोणी टाकला? मी. फरशी धुताना. हे घरात अजून कोणाला माहीत नाही आणि नवरा इथे येत नाही, म्हणून लिहिलं.

टोपीवाला
येतो.

नुसतीच
???

टोपीवाला
तुमचा नाही हो. कोणाचा तरी.

गोगलगाय
सुतारपक्षी, थँक्यू, पाणी निघतंय. पण ताटं म्हणजे किती ताटं हो? सतरा मोजली, मग मोजायचं सोडलं. फिल्टरमध्ये दोन नाणी, एक हेअरपिन आणि काहीतरी काळं लोकरीसारखं. आई गं तो वास!
पाणी निळसर येतंय, नॉर्मल आहे का?

सुतारपक्षी
पावडरीचा रंग असेल. काळी लोकर म्हणजे केस आणि कपड्यांचा धागा. महिन्यातून एकदा साफ करत जा. फिल्टर काढल्यावर आत टॉर्च मारून पंख्यात काही अडकलंय का बघा.

पावसाळी
सुतारपक्षी, तुम्ही याच धंद्यातले का?

सुतारपक्षी
होतो. अकरा वर्षं केलं, पाठीने राम म्हटला, आता दुसरीकडे बसून काम. मशीन एकट्याने पुढे ओढायचं म्हणजे काय ते करणाऱ्यालाच माहीत. फ्रंट लोडमध्ये वजनासाठी आत काँक्रीटचा ठोकळा असतो. लोक म्हणायचे, "जरा उचलून घ्या ना, फरशीला ओरखडे पडतील."

सगळ्यात जास्त वेळा काय बिघडलेलं असायचं सांगू? काहीच नाही. चाइल्ड लॉक. लहान मुलाने नाहीतर आजोबांनी बटण दाबून धरलेलं, मग एकही बटण चालत नाही. मी तीन सेकंद बटण दाबायचो, मशीन सुरू. पण तीन सेकंदांचे व्हिजिटचे पैसे मागायला लाज वाटायची. मग मागे जाऊन नळाकडची बारीक जाळी काढून घासायचो, क्षार अडकलेलेच असतात तिथे. पायाचे नट फिरवून लेव्हल बघायचो. दहा मिनिटं घाम गाळला की दोघांनाही बरं वाटायचं.

उलट खरं दुखणं लोक अंगावर काढतात. स्पिनला विमान उडाल्यासारखा आवाज म्हणजे बेअरिंग. लोक म्हणायचे, सहा महिने येतोय, सवय झाली. तोवर पाणी शिरून शाफ्टही खराब. काही मॉडेलमध्ये टब दोन भाग चिकटवून बंदच केलेला असतो, मग आख्खा टब बदला.

आणि पार्ट बदलला तर जुना मागून घ्या. दिला नाही तर समजा.

नुसतीच
जुना मागायचा असतो?? दोन्ही वेळा मी "घेऊन जा, कचरा कशाला" म्हणाले.
भाजी करपली.

शेपूट
मिक्सरचं भांडं गळतंय, कोणी सांगेल का

खडूस_काकू
वेगळा धागा काढ रे बाबा. (खालचं वॉशर बघ आधी.)

भुंगा
मोटरवर १० वर्षं वॉरंटी म्हणून नाचत मशीन आणलं. सातव्या वर्षी बंद पडलं. फोनवर अगदी अभिमानाने सांगितलं, वॉरंटी आहे. मोटर सोडून सगळं गेलं होतं. मोटर ठणठणीत आहे, अजून.

पावसाळी
वरचे परत सुरू झाले. जाऊन सांगून येते, मशीन थांबवा आणि चादर मोकळी करा म्हणून.

पावसाळी
आले. चादर नव्हती, पायपुसणं होतं. एकटंच. त्यांच्या आजी म्हणाल्या, तुम्हाला कसं कळलं हो खालून?

गोगलगाय
दार उघडलं!!! युनिफॉर्म निघाला.

टोपीवाला
वा! सुतारपक्ष्याला टोपी काढून सलाम.

गोगलगाय
खिशात पेन होतं.